'मातृक संदेश' : एका रूपकाची चिकित्सा

काही महिन्यांपूर्वी प्राणिशास्त्र विभागातील एका सहकाऱ्यांनी एक मराठी माहितीपत्रक माझ्याकडे भाषाशुद्धीसाठी पाठविले. अपत्यप्राप्तीसाठी उपचार घेणाऱ्या दांपत्यांकरिता ते सिद्ध करण्यात आले होते. ऱ्हस्वदीर्घाचे दोष त्यात फारसे नव्हते. परंतु त्यातील एका वाक्यापाशी लेखणी अडली. ते वाक्य असे होते : "आईने बाळास पाठविलेला संदेश सदोष असल्यामुळे गर्भाची वाढ थांबते." वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते, आणि ते ज्या इंग्रजी वाङ्मयावरून उतरले होते त्याच्याशी फार विसंगत होते असेही नाही. तथापि त्यातील तीनही पदे, म्हणजे आई, बाळ आणि संदेश ही, आपापल्या जागी चुकीची आहेत असे वाटू लागले. ते का, याचा शोध घेताना जे हाती आले ते येथे मांडले आहे. प्रस्तुत लेखिका जीवशास्त्रज्ञ नव्हे. येथे परीक्षण करावयाचे आहे ते सस्तन प्राण्यांच्या भ्रूणविज्ञानात रूढ झालेल्या एका भाषिक रूपकाचे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. सस्तन मादीच्या अंडाशयात अंडपेशी वाढत असता तिच्या केंद्रकातील जनुकांच्या आरएनए-प्रती मोठ्या संख्येने तयार होतात. काहींचे लागलीच प्रथिनांत रूपांतर होते, काही तशाच ठेवून दिल्या जातात. अंडपेशीची वाढ पुरी झाली की हे प्रतिलेखन थांबते. त्यानंतर अंडाचे परिपक्व होणे, फलन आणि पहिली एक-दोन विभाजने ही सर्व कामे केंद्रकाकडून नवी प्रत न मिळता, साठविलेल्या सामग्रीवरच चालतात. उंदराच्या ८० मायक्रॉन व्यासाच्या अंडात ही सगळी शिल्लक सामावलेली असते. पुढे भ्रूणाची स्वतःची जनुके जागी होतात. उंदरात हे मुख्यतः २ पेशींच्या अवस्थेत घडते, डुकरात ४ पेशींच्या सुमारास, गाय व मेंढी यांत ८ ते १६ पेशींच्या दरम्यान. मनुष्याविषयी ब्रॉड, बोल्टन व मूर यांनी १९८८ साली दाखविले की भ्रूणाच्या स्वतःच्या जनुकांची अभिव्यक्ती ४ ते ८ पेशींच्या दरम्यान प्रथम दिसते. अशा प्रयोगांची युक्ती सोपी आहे. अमानिता जातीच्या विषारी अळंबीतील एक द्रव्य नवे प्रतिलेखन बंद पाडते. ते दिले असताही उंदराचे फलित अंड एकदा दुभंगते आणि मग थांबते. म्हणजे पहिले विभाजन जुन्या साठ्यावर झाले, आणि पुढच्यासाठी तो साठा पुरला नाही.

या साठविलेल्या आरएनएला भ्रूणवैज्ञानिक 'मातृक संदेश' म्हणतात. ही शब्दयोजना आली कोठून? श्रोडिंगर यांनी १९४४ मध्ये आनुवंशिक द्रव्याला संकेतलिपीची उपमा दिली. जाकोब व मोनो यांनी १९६१ मध्ये केंद्रकातून प्रथिनांच्या कारखान्यापर्यंत जाणाऱ्या अल्पायुषी आरएनएला 'संदेशवाहक' हे नाव रूढ केले. त्याच सुमारास 'प्रतिलेखन' आणि 'भाषांतर' ही जोडीही स्थिरावली. येथे एक बारीक घसरण झाली आहे, तिकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मूळ शब्द संदेशवाहकाचा, म्हणजे दूताचा आहे, संदेशाचा नव्हे. आपल्या परंपरेत हे दोन स्वच्छ वेगळे आहेत. 'मेघदूता'त मेघ हा दूत आहे, संदेश यक्षाचा आहे, आणि मेघ विरून गेला तर संदेश पोहोचणार नाही हे भय त्या काव्याच्या मुळाशी आहे. आरएनएच्या बाबतीत मात्र दूत आणि संदेश एकच. पत्रच पायी चालत जाते. म्हणून पुढील लेखकांनी 'वाहक' सहज गाळला आणि 'संदेश' तेवढा ठेवला. अंडाच्या बाबतीत तर ही घसरण अधिकच विचित्र ठरते, कारण येथे दूत कोठे जातच नाही. तो जेथे तयार झाला त्याच पेशीत दिवसच्या दिवस बसून राहतो, आणि ती पेशीच पुढे भ्रूण होते.

रोमान याकोबसन यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात संज्ञापनाचे सहा घटक सांगितले : प्रेषक, ग्राहक, संदेश, संदर्भ, संपर्क आणि संकेत. याकोबसन यांना जनुकसंकेताचे मोठे आकर्षण होते. भाषा आणि आनुवंशिकता यांच्या रचनेत खोल साम्य आहे असे त्यांचे मत होते, आणि जाकोब मात्र या साम्याविषयी सावध राहिले. याकोबसन यांचीच मोजपट्टी मातृक संदेशाला लावून पाहिली तर काय दिसते?

संकेत आहे, याविषयी वाद नाही. संदेश हा एका क्रमाने लावलेल्या घटकांचा आहे, हेही मान्य. परंतु प्रेषक कोण? 'आई' हे उत्तर चटकन सुचते, पण हे आरएनए आईच्या शरीराने तयार करून अंडात धाडलेले नसते. ते अंडपेशीच्या स्वतःच्या केंद्रकातून निघालेले असते. ते केंद्रक त्या वेळी आईच्या जनुकांचे दोन्ही संच बाळगून असते, एवढ्या अर्थाने ते मातृक. आणि ग्राहक कोण? ग्राहक म्हणजे तीच पेशी, काही काळानंतरची. तेव्हा प्रेषक व ग्राहक यांच्यात अंतर आहे ते स्थळाचे नव्हे, काळाचे. माणसाने स्वतःसाठी लिहून ठेवलेल्या टिपणाशी याचे नाते अधिक जवळचे आहे. फरक एवढाच की टिपण वाचणारा आता निम्मा दुसऱ्याचा झालेला आहे, कारण मध्यंतरी शुक्राणूचे केंद्रक आत आलेले असते.

रूपकाची खरी उपयुक्तता 'न वाचलेल्या' संदेशाच्या प्रश्नात दिसते. साठविलेला आरएनए शाबूत असूनही दीर्घकाळ प्रथिनात उतरत नाही. स्पिरिन यांनी १९६६ मध्ये अशा आरएनएला 'मुखवटा घातलेला' म्हटले. मुखवटा कशाचा, हे सस्तन प्राण्यांत पुढे बरेच उलगडले. प्रत्येक आरएनएच्या अखेरीस ॲडेनीन या एकाच घटकाची पुनरावृत्ती असलेले शेपूट असते. साठ्यातील कित्येक आरएनएंचे शेपूट अंडाच्या वाढीच्या काळात आखूड केलेले असते. अंड परिपक्व होऊ लागले की ठरावीक आरएनएंचे शेपूट पेशीद्रवातच पुन्हा लांबविले जाते, आणि तेव्हा कोठे रायबोसोम ते वाचू लागतात. कोणाचे लांबवावयाचे हे त्या आरएनएच्या शेवटच्या, प्रथिनात न उतरणाऱ्या भागातील छोट्या खुणांवरून ठरते. त्या खुणा ओळखणारी प्रथिने निराळी असतात. प्लाझ्मिनोजेन सक्रिय करणाऱ्या एका विकराचा आरएनए हे उंदराच्या अंडातील याचे गाजलेले उदाहरण. हुआर्ते, बेलँ व व्हासाली यांनी ते १९८० नंतरच्या दशकात तपशिलाने अभ्यासले.

हे वाचत असता मराठेशाहीतील कागदपत्रांची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. मोडी पत्राच्या शेवटी 'लेखनसीमा' आणि 'मोर्तब' यांचे शिक्के असत. मजकूर पुरा लिहिलेला असला तरी मोर्तब झाल्याखेरीज तो अंमलात यावयाचा नाही. मोर्तबाने मजकुरात एका अक्षराची भर पडत नाही. मिळतो तो अधिकार. ॲडेनीनच्या शेपटाचेही तसेच आहे. त्याची लांबी अर्थाचा भाग नव्हे, परवानगीचा भाग आहे. इंग्रजीतील लेखक येथे 'भाषांतराचे नियंत्रण' असे म्हणतात आणि वाचकाला वाटते की भाषांतरकार काही निवड करीत आहे. वस्तुतः निवड दफ्तरखान्यात चाललेली असते. साठा नेमका कोठे असतो याचाही पत्ता अलीकडे लागला आहे : २०२२ साली गॉटिंगेन येथील मेलिना शुह यांच्या गटाने दाखविले की सस्तन अंडात हे आरएनए पेशीतील सूत्रकणिकांभोवती जमलेल्या थरांत राखून ठेवलेले असतात. दफ्तरखाना हा शब्द त्यामुळे मला केवळ अलंकार वाटत नाही.

यापुढचा टप्पा भाषेच्या अभ्यासकाला सर्वांत अपरिचित आहे. भाषेतील संदेश ग्रहण झाला म्हणून नाहीसा होत नाही; येथे तो नाहीसा व्हावाच लागतो. उंदराच्या भ्रूणात २ पेशींची अवस्था संपेपर्यंत मातृक आरएनएचा सुमारे नव्वद टक्के भाग नष्ट झालेला असतो. हा नाश म्हणजे आपोआप होणारी झीज नव्हे. बीटीजी-४ नावाचे प्रथिन शेपूट छाटणाऱ्या यंत्रणेला त्या आरएनएंपर्यंत नेते, आणि ज्या मादी उंदरांत हे प्रथिन नाही त्यांच्या अंडांत जुने आरएनए तसेच राहतात व भ्रूण १ ते २ पेशींवरच अडतो, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. गंमत अशी की बीटीजी-४ हेही साठविलेल्या मातृक आरएनएपासूनच तयार होते. स्वतःच्या संग्रहाचा निकाल लावण्याची आज्ञा त्याच संग्रहात असावी, याला भाषाव्यवहारात समांतर उदाहरण मला सापडले नाही. जुनी दफ्तरे जाळण्याचे हुकूम निघत, पण ते हुकूम त्याच दफ्तरात बांधून ठेवलेले नसत.

आता 'मार्गदर्शन' या शब्दाकडे वळू, कारण माझा मुख्य आक्षेप तेथे आहे. मातृक संदेश भ्रूणाच्या वाढीचे मार्गदर्शन करतात, हे विधान सर्वत्र आढळते. मार्गदर्शन म्हटले की कोठे जावयाचे हे सांगणे आले. फळमाशीत हे विधान अक्षरशः खरे आहे. तेथे 'बायकॉइड' जनुकाचा मातृक आरएनए अंडाच्या एका टोकाला बांधलेला असतो आणि डोके त्या बाजूला होते. नुसलाइन-फोलहार्ड यांच्या १९८८ च्या संशोधनाने हे सिद्ध केले. त्या यशाच्या प्रकाशात सस्तन अंडाकडे पाहण्याची सवय लागली. परंतु सस्तन अंडात असा पत्ता लिहिलेला साठा नाही. टारकोव्स्की यांनी १९५९ मध्येच दाखविले होते की उंदराच्या दोन पेशींपैकी एक नष्ट केली तरी उरलेल्या एकीपासून पुरा उंदीर होऊ शकतो. डोके कोठे आणि शेपूट कोठे हे जर मातृक आरएनएने वाटून दिले असते, तर अर्ध्या अंडातून अर्धाच उंदीर निघता.

मग हे आरएनए सांगतात तरी काय? ज्यांचे कार्य चांगले समजले आहे असे दोन-तीन घेऊन पाहावे. 'मॉस' या जनुकाचा साठविलेला आरएनए परिपक्वतेच्या वेळी वाचला जातो, आणि त्याचे प्रथिन अंडाला दुसऱ्या अर्धसूत्री विभाजनाच्या मध्यावर रोखून धरते. ज्या माद्यांत हे जनुक नाही, त्यांची अंडे शुक्राणूची वाट न पाहता आपणहून विभाजनास लागतात, असे १९९४ साली दिसून आले. या संदेशाचा आशय, मानवी भाषेत सांगावयाचा तर, 'थांब' एवढाच आहे. बीटीजी-४ चा आशय 'पुसून टाक' असा. आणि भ्रूणाची स्वतःची जनुके उघडण्यास ज्यांची मदत होते अशा प्रथिनांचा शोध २०२२ व २०२३ मध्ये लागला, मनुष्यात टीपीआरएक्स गटातील आणि उंदरात ओबॉक्स गटातील. त्यांपैकी काही प्रथिने अंडाच्या साठ्यातून येतात, काही भ्रूण स्वतः तयार करतो. यांचा आशय 'आता तुझे तू वाच' असा म्हणावा लागेल. यांतील एकही वाक्य शरीराच्या आकृतीविषयी नाही. सर्व वाक्ये वाचनाविषयी आहेत : केव्हा वाचावयाचे, काय वाचावयाचे नाही, जुने केव्हा टाकावयाचे. याकोबसन यांच्या परिभाषेत हे भाषेविषयीच्या भाषेचे कार्य. या एका अंगाने पाहता संदेशाचे रूपक त्याच्या निर्मात्यांना वाटले असेल त्याहून अधिक सार्थ ठरते, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

मीमांसकांनी 'विधि' आणि 'अनुवाद' यांत भेद केला आहे. जे अन्य मार्गाने कळलेले नाही ते सांगणारा तो विधि. आधीच सिद्ध असलेले पुन्हा सांगणारा तो अनुवाद. मराठीत ट्रान्सलेशनसाठी 'अनुवाद' हा शब्द जीवशास्त्राच्या काही पुस्तकांत घेतला जातो तो या अर्थाचे भान ठेवून घेतलेला नसतो. तरीही नकळत तो 'भाषांतर' या शब्दाहून बरा आहे. प्रथिन ही दुसरी भाषा नव्हे. प्रथिन कोणी वाचीत नाही, ते काम करते. आज्ञापत्राचे 'भाषांतर' झाल्याने गडाचा दरवाजा उघडत नाही. शिवाय साठविलेल्या पण न वाचलेल्या आरएनएची स्थिती सांगावयास भर्तृहरीचे शब्द अधिक उपयोगी पडावेत असे वाटते. 'वाक्यपदीया'च्या पहिल्या कांडात त्याने वक्त्याच्या अंतरी असलेल्या शब्दशक्तीला अंड्याच्या अवस्थेची उपमा दिली आहे : तेथे क्रम नसतो, आणि उच्चार होऊ लागला की ती भागशः क्रम धारण करते. (अभ्यंकर-लिमये यांची पुणे विद्यापीठाची १९६५ ची आवृत्ती आपल्या ग्रंथालयात आहे, जिज्ञासूंनी अवश्य पाहावी.) भर्तृहरीने वाणी समजावून देण्यासाठी अंडे घेतले, आजचे शास्त्रज्ञ अंडे समजावून देण्यासाठी वाणी घेतात. यावरून आपल्या पूर्वजांस सर्व काही ठाऊक होते असा निष्कर्ष कोणी काढू नये. आरएनएला क्रम असतोच, अगदी निजलेल्या अवस्थेतही, आणि तेथेच ती उपमा संपते.

संदेश नव्हे तर दुसरे काय, असा प्रश्न येथे विचारला जाईल. सहकाऱ्यांशी बोलताना 'शिदोरी' हा शब्द माझ्या तोंडून निघाला आणि त्यांना तो आवडला. शिदोरी वाटेवर संपते, ती कोठे जावे हे सांगत नाही, आणि ती नसेल तर प्रवास होत नाही. तिन्ही गोष्टी जुळतात. पण शिदोरी सोडताना तिच्यातील कोणती भाकरी प्रथम खावयाची याची खूण भाकरीवर नसते, आणि आरएनएवर ती असते. म्हणून 'शिदोरी' हे 'संदेशा'च्या जागी बसविण्याऐवजी शेजारी ठेवावे. शिवाय साठ्यात केवळ आरएनए नसतात, तयार प्रथिनेही असतात, हे 'संदेश' म्हटल्याने अगदीच झाकले जाते. याचे उत्तम उदाहरण 'मेटर' हे जनुक. हे नाव 'भ्रूणाला आवश्यक असलेले मातृक प्रतिजन' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून जुळविलेले आहे, आणि लॅटिन मातेर व संस्कृत मातृ यांचे सख्य जाणणाऱ्यास ते पाहून हसू येते. टोंग, नेल्सन, डीन प्रभृतींनी २००० साली दाखविले की ज्या मादी उंदरांत हे जनुक निकामी आहे, त्या स्वतः निरोगी असतात, त्यांची अंडे फलित होतात, पण भ्रूण २ पेशींवर थांबतात. बापाकडून धडधाकट जनुक आले तरी उपयोग होत नाही, कारण ते जागे होईपर्यंत वेळ गेलेली असते. उलट बाप निकामी जनुकांचा असला तरी काही बिघडत नाही. मातृक प्रभावाचे हे ठळक उदाहरण सर्वत्र दिले जाते. परंतु येथे मेटरचा आरएनए अंड परिपक्व होतानाच ओसरतो आणि पुढच्या अवस्थांत टिकते ते प्रथिन. 'मातृक संदेशा'चे म्हणून सांगितलेले उदाहरण संदेशाचे नाहीच.

मनुष्यातही असे दोष सापडले आहेत. टीएलई-६ आणि पीएडीआय-६ या जनुकांत बिघाड असलेल्या स्त्रियांविषयी अनुक्रमे २०१५ व २०१६ मध्ये वृत्तांत प्रसिद्ध झाले. अशा स्त्रीची अंडे दिसावयास सामान्य असतात, पण भ्रूणाची वाढ पहिल्या विभाजनांच्या आसपास खुंटते. असा दोष प्रकट होण्यास जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असाव्या लागतात, आणि त्यांतली एक त्या स्त्रीला तिच्या वडिलांकडून आलेली असते.

आता आरंभीच्या वाक्याकडे परत येऊ. "आईने बाळास पाठविलेला संदेश सदोष." 'आईने' ही तृतीया कर्त्याची आहे, आणि पाणिनीने कर्त्याची व्याख्या करताना स्वातंत्र्य हे त्याचे लक्षण सांगितले आहे. या घटनेत आई स्वतंत्र नाही. तिने काही केलेले नाही, ती काही करू शकली नसती, आणि जे सदोष आहे ते अर्धे तिच्या बापाचे आहे. 'बाळास' ही चतुर्थी ज्याच्यासाठी योजली आहे ते बाळ नसून दोन पेशी आहेत. 'पाठविलेला' या कृदन्तात हेतू गृहीत आहे. ज्या समाजात अपत्यहीन स्त्रीसाठी शिवीसारखा वापरला जाणारा एक स्वतंत्र शब्द आहे आणि पुरुषासाठी तसा रूढ शब्द नाही, तेथे हे वाक्य एखाद्या सासूने वाचले तर तिला त्यातून काय समजेल? इंग्रजी विशेषणात 'मातृक' हा गुण आरएनएला चिकटून राहतो. मराठीत त्याचे वाक्य करताना विशेषणाची नाम आणि नामाचा कर्ता होतो, व कर्त्याबरोबर दोष येतो. हे भाषांतरकाराचे अज्ञान नव्हे. रूपकाने जी जागा रिकामी ठेवली होती ती मराठी वाक्यरचनेने भरून काढली.

'आईने'च्या जागी 'आईकडून' घालून पाहिले. ते अधिक सौम्य वाटते, पण मराठीत 'कडून' हा प्रत्यय अपादानही दाखवितो आणि कर्ताही. "आईकडून आलेला" यात पहिला अर्थ असला तरी "आईकडून चूक झाली" हे वाक्य जवळच उभे असते. शेवटी अधिकरणाचा आश्रय घेतला आणि वाक्य असे केले : "अंडात साठविलेली काही द्रव्ये अपुरी असल्यास, फलन होऊनही पेशींचे विभाजन लवकर थांबते, ही उणीव आनुवंशिक असून ती आईवडील दोघांकडूनही त्या स्त्रीला आलेली असते." सहकाऱ्यांचा अभिप्राय असा पडला की वाक्य लांबले आणि त्यातला जिव्हाळा गेला. लांबले हे खरे आहे.

'मातृक' या विशेषणाचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. 'मातृज' घ्यावे तर चरकाने तो शब्द गर्भाच्या रक्तमांसादि भावांसाठी आधीच वापरला आहे. 'मातृदत्त' मध्ये पुन्हा देणारी आली. 'अंडसंचित' असा शब्द मी सुचविला होता. त्यावर तत्त्वज्ञान विभागातील एका स्नेह्यांनी विचारले की संचित म्हटल्यावर प्रारब्ध आणि क्रियमाण कोठे ठेवणार. थट्टेतला प्रश्न होता, पण साठविलेला, मोर्तब झालेला आणि भ्रूणाने स्वतः लिहिलेला असे तीन प्रकारचे आरएनए खरोखरच आहेत, आणि ते तीन शब्द त्यांवर नेमके बसतात. तरीही दवाखान्यात बसलेल्या बाईच्या हाती 'प्रारब्ध' हा शब्द असलेला कागद देण्यास मी तयार नाही. माहितीपत्रकाच्या दुसऱ्या मसुद्यात ती जागा तूर्त 'अंडातील' या साध्या शब्दाने भरली आहे.